व्ही-८चा आवाज गेला. आपल्या वाट्याला काय आलं?

"हा जुना आवाज. आन् हा नवा. सांगा आता, याच्यात काई दम हाये का?"

आतेभावानं ब्लूटूथ स्पीकर खताच्या पोत्यावर ठेवला होता. ठिकाण शेंदूरजनाघाट, आमच्या रोपवाटिकेतलं पत्र्याचं शेड. डिसेंबरची संध्याकाळ. बाहेर बाबा आणि दोन काका जंबेरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे बांधत होते, आणि आत आम्ही पाच जण मर्सिडीज-एएमजी सी-६३ या गाडीच्या सायलेन्सरचा आवाज ऐकत होतो. आधी जुन्या मॉडेलचा, मग नव्या मॉडेलचा. जुना लावला की पत्र्याला कंप सुटायचा. नवा लावला की कोणीतरी म्हणायचं, "हे तर मिक्सरवानी वाजून राह्यलं बे!"

अर्धा तास भांडण चाललं. दोघं म्हणत होते, नवी गाडी जास्त पळते, विषय संपला. दादा (म्हणजे माझा आतेभाऊ) म्हणत होता, मर्सिडीजनं आपल्याच गाडीचा गळा दाबला. मी मधल्यामध्ये दोन्हीकडून बोलत होते. तेवढ्यात बाबा हात पुसत आत आले.

"केवढ्याची हाये थे गाडी?"

"एक कोटी पंच्याण्णव लाख, मामा. एक्स-शोरूम."

"तुमच्यातल्या कोनं पाह्यली?"

कोणीच पाहिली नव्हती. प्रत्यक्ष सोडा, रस्त्यावरून जातानाही नाही.

"मंग भांडता कायले?" एवढं बोलून बाबा परत कलमांकडे गेले.

प्रश्न साधा होता, पण आठवडाभर डोक्यातून जाईना. ऑफिसात हा विषय सांगितला तेव्हा तिथंही तोच प्रश्न आला, फक्त शुद्ध मराठीत: "दोन कोटींची गाडी आणि शेंदूरजनाघाट, संबंध काय?" संबंध आहे. तोच सांगायचा आहे.

प्रकरण नेमकं काय?

ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एएमजी ही १९६७ मध्ये हान्स वेर्नर आउफ्रेख्त आणि एर्हार्ड मेल्शर या दोन जर्मन इंजिनिअरांनी सुरू केलेली कंपनी. आता ती मर्सिडीजचीच आहे. जर्मनीतल्या आफाल्टरबाख या गावात त्यांची इंजिनं तयार होतात. तिथली पद्धत अशी की एक इंजिन एकच माणूस पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत जोडतो आणि त्यावर त्याच्या सहीची पट्टी लागते. शौकिनांना याचं भारी कौतुक.

सी-६३ ही या कंपनीची लाडकी गाडी. दिसायला साधी चार दारांची सेडान, पण बॉनेटखाली व्ही-८, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन ओळींत मांडलेले आठ सिलिंडर. सुरुवातीला ६.२ लिटरचं इंजिन होतं, नंतर ४ लिटरचं ट्विन-टर्बो आलं. त्यातल्या सी-६३ एसची ताकद ५१० हॉर्सपॉवर.

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीनं नवी सी-६३ दाखवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती भारतात आणली. मर्सिडीज-बेंझ इंडियाचा कारखाना आपल्या चाकणला, त्यामुळे बातमी पुणे जिल्ह्यातूनच निघाली म्हणा ना. बॉनेट उघडलं आणि जगभरच्या शौकिनांनी कपाळावर हात मारला. व्ही-८ गायब. त्याच्या जागी २ लिटरचं, फक्त चार सिलिंडरचं इंजिन. सिलिंडर निम्मे, लिटर निम्मे.

पण थांबा. हे छोटं इंजिन एकटं ४७६ हॉर्सपॉवर देतं. मागच्या अ‍ॅक्सलवर एक इलेक्ट्रिक मोटर आहे, ती २०४ देते. दोघांचे मिळून ६८० हॉर्सपॉवर आणि १,०२० न्यूटन मीटर टॉर्क. शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. जुन्या व्ही-८ला यासाठी साधारण चार सेकंद लागायचे. म्हणजे कागदावर नवी गाडी जुनीला आरामात मागं टाकते. तरी शौकीन खूश नाहीत. का?

पंपाचा स्टार्टर आणि टर्बो

आधी त्या छोट्या इंजिनाला न्याय देऊ, कारण त्यात खरंच काहीतरी आहे.

टर्बो कसा चालतो? इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटा पंखा फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. अडचण एकच. इंजिनानं पुरेसा धूर सोडल्याशिवाय पंखा जोरात फिरत नाही, आणि पंखा फिरल्याशिवाय इंजिनाला जोर येत नाही. म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. याला टर्बो लॅग म्हणतात.

आमच्याकडच्या कोणालाही हे एका वाक्यात समजतं. विहिरीवर पंपाचा स्टार्टर दाबला तरी बगिच्यातल्या शेवटच्या झाडाला पाणी लगेच मिळत नाही. आधी रिकामा पाइप भरावा लागतो.

नव्या सी-६३ मध्ये दोन पंख्यांच्या मधल्या दांड्यावर साधारण चार सेंटिमीटर जाडीची इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. ती धुराची वाट पाहत नाही, पंखा स्वतःच फिरवायला लागते. वेग मिनिटाला दीड लाख फेऱ्यांपर्यंत. म्हणजे पाइप आधीच भरलेला, स्टार्टर दाबला की पाणी. ही कल्पना फॉर्म्युला वनच्या गाड्यांमधून आली आहे. दादा आवाजावर कितीही चिडला तरी या भागाला त्यानंही मान डोलावली. "हे डोकं मात्र भारी लावलं," असं त्याचं प्रमाणपत्र.

मग राग कशाचा?

राग दोन गोष्टींचा. पहिली वजनाची. बॅटरी आणि मोटर आली की वजन येणारच. बॅटरी एकटीच ८९ किलोची, आणि अख्खी गाडी जवळजवळ २,१०० किलोची झाली. जुन्या गाडीपेक्षा काहीशे किलो जास्त. एवढं करून नुसत्या बॅटरीवर गाडी १३ किलोमीटर जाते. स्पोर्ट्स गाडीनं हलकं असावं ही शौकिनांची जुनी अपेक्षा, आणि ती रास्त आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि खरं दुखणं तेच.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. बुलेटमध्ये एकच सिलिंडर, म्हणून दोन फेऱ्यांत एक ठोका. ती डुगडुग आपण मोजू शकतो. चार सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत चार ठोके, व्ही-८मध्ये आठ. त्यातही एएमजीच्या व्ही-८मध्ये क्रँकची रचना अशी की डाव्या आणि उजव्या बाजूच्या पाइपांत हे ठोके सारख्या अंतरानं येत नाहीत. कधी दोन जवळ, कधी लांब. त्यातून ती घशातल्या घशात गुरगुरल्यासारखी लय तयार होते. चार सिलिंडरच्या इंजिनाला तुम्ही कितीही ताकद द्या, ही लय त्याला येत नाही. ठोकेच तेवढे नाहीत.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन झाली, तेव्हा गाड्यांमध्ये २.४ लिटरचं व्ही-८ होतं. २०१४ मध्ये नियम बदलले आणि १.६ लिटरचं हायब्रिड व्ही-६ आलं. तंत्रज्ञान कितीतरी पुढं गेलं, पण प्रेक्षकांची पहिली तक्रार होती की आवाज गेला.

आता नंबरवाले लोक म्हणतात, "हे शौकीन भावनिक आहेत. ६८० मोठा की ५१०? ३.४ सेकंद कमी की ४? मग रडता कशाला?" मला हे पटत नाही. शेडमध्ये नीट उत्तर देता आलं नव्हतं, आता देते.

पट बघणाऱ्याचा वाटा

आपल्या वऱ्हाडात शंकरपट असतो. बैलजोडी धावते, घड्याळ लावलेलं असतं, आणि सेकंदाच्या बारीक भागावरून पहिला-दुसरा नंबर ठरतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर नावाजलेला. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कोर्टानं कायम ठेवला. बैलांना त्रास होतो की नाही हा वेगळा वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा. मला बोलायचंय ते पट बघणाऱ्यांबद्दल.

त्या गर्दीतल्या बहुतेकांकडे पटाची जोडी नसते. कित्येकांकडे बैलच नसतात. बक्षीस त्यांना मिळणार नसतं. मग दिवसभर उन्हात का उभे राहतात? कारण जोडी सुटली की माती उडते, खुरांचा आवाज छातीत येतो, लोक ओरडतात. तेवढ्यापुरती ती जोडी सगळ्यांची असते. आता समजा कोणी म्हणालं, यंदा पट बंद हॉलमध्ये घेऊ, बाहेर फक्त सेकंद जाहीर करू. सेकंद अगदी बरोबर असतील, कदाचित मागच्या वर्षीपेक्षा कमीसुद्धा. थांबेल कोणी बाहेर?

दोन कोटींच्या गाडीचं तसंच आहे. मालकाला गाडी मिळते, सीटचं लेदर मिळतं, पाठीला बसणारा तो ३.४ सेकंदांचा धक्का मिळतो, सोसायटीत मान मिळतो. बघणाऱ्याला काय मिळतं? आवाज. तेवढाच भाग भिंत ओलांडून बाहेर येतो, रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचतो, मोबाइलमधून शेंदूरजन्याच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचतो. आवाजाला एक्स-शोरूम किंमत नव्हती. म्हणून तो गेला तेव्हा मालकाचं फार बिघडलं नाही, त्याची गाडी उलट जास्त पळायला लागली. बिघडलं ते आमचं. बाबा, आम्ही भांडत होतो ते यासाठी.

म्हणून शौकिनांच्या रागाला बालिश म्हणू नका. यंत्र मोजता येतं तेवढंच नसतं, एवढंच ते सांगत होते. आणि कंपन्यांनाही ते ऐकावं लागतं. २०२५ मध्ये एएमजीनं नवं व्ही-८ तयार करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी दाखवलेल्या त्यांच्या जीटी एक्सएक्स या पूर्ण इलेक्ट्रिक कन्सेप्ट कारमध्ये तर हेडलाइटमध्ये स्पीकर बसवले होते, बाहेरच्यांना आवाज यावा म्हणून. म्हणजे आवाज हा बघणाऱ्याचा वाटा आहे, हे त्यांनीही मान्य केलं. फक्त आता तो स्पीकरमधून मिळणार. आमच्या शेडमध्ये मिळत होता तसाच.

पण हा वाटा पुरेसा आहे का?

इथंवर लिहून मी लेख संपवला असता तर दादा खूश झाला असता. पण मला दुसरी बाजूही दिसते, आणि ती आपल्याच गल्लीत आहे.

आवाजाचं वेड आपल्याकडे कुठल्या रूपात आलं? कापलेल्या सायलेन्सरच्या. संध्याकाळी मेन रोडवर एकदा उभे राहा. शंभर-दीडशे सीसीची बाइक, सायलेन्सर बदललेला, मुद्दाम गिअर पाडून फटाके काढत जाणारा एखादा दिसतोच. त्याच रस्त्यावर अभ्यासिका असते, तिथं स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसलेली असतात. कोणाच्या घरी आजारी माणूस असतं. सायलेन्सरमध्ये असा बदल करणं कायद्यानं गुन्हा आहे, पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी यात इंजिनाचं कौतुक कुठं आहे? त्यातून ताकद वाढत नाही, फक्त दुसऱ्याचे कान जातात. व्ही-८चा आवाज त्याच्या रचनेतून येतो. आपला आवाज हेक्सा ब्लेडमधून येतो. मीही कॉलेजच्या पहिल्या वर्षी अशा एका बाइकच्या मागं बसून ओरडले आहे, म्हणून हे बोलायचा थोडा हक्क आहे.

म्हणजे आवाज वरून खाली येताना त्याची नक्कल तेवढी होते. खऱ्या अर्थानं खाली येतं ते तंत्र. टर्बो एकेकाळी महागड्या आणि शर्यतीच्या गाड्यांचा शब्द होता. २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या पेट्रोल इंजिनात तो होता, आणि आज तशा गाड्या आमच्या वरूड तालुक्यात संत्र्याचे व्यापारीही फिरवतात. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं तेव्हा नव्या बाइकमधून कार्बोरेटर जवळपास गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. गावातल्या मेकॅनिककाकांना पन्नाशीत स्कॅनर शिकावा लागला. त्यांच्या आयुष्यात व्ही-८ कधी आलंच नाही. सेन्सर मात्र रोज येतो.

मग आपला वाटा नक्की कशात आहे? आवाज ऐकण्यात, की ते इंजिन कळण्यात?

खुंट कोणाचा, डोळा कोणाचा

शौकिनांचा आणखी एक आक्षेप असतो: "हे शुद्ध इंजिन नाही, हायब्रिड आहे." शेडमध्ये दादानं हेच वाक्य टाकलं तेव्हा मला हसू आलं. तो बसला होता कुठं? कलमांच्या रोपवाटिकेत.

आमचं गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखलं जातं. कलम म्हणजे काय? जंबेरीचं रोप घ्यायचं, कारण त्याचं मूळ दणकट. पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीला टी आकाराची चीर द्यायची, त्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा सरकवायचा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचा. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. खाली जंबेरी, वर संत्रा. वऱ्हाडातल्या कित्येक बगिच्यांचं "शुद्ध" नागपुरी संत्रं हे असं दोघांचं मिळून आहे. शुद्धतेवर अडून बसलो असतो तर आमचं गाव काय विकत बसलं असतं?

इंजिन आणि मोटर एकत्र करणं हेही कलमच आहे. सी-६३चं कलम थोडं जड झालं, आवाजात फसलं, असं म्हणा. पण कलम करणंच चूक, असं म्हणू नका. खरा विचारायचा प्रश्न वेगळा आहे: खुंट कोणाचा, डोळा कोणाचा, आणि बांधणारा हात कोणाचा?

हा प्रश्न घेऊन आपल्या महाराष्ट्राकडे बघा. २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये दिलीप छाब्रियांच्या डीसीनं अवांती ही स्पोर्ट्स कार दाखवली. पुण्याजवळ ती तयार झाली. भारताची स्वतःची सुपरकार म्हणून किती गाजली! पण शौकिनांचा पहिला प्रश्न होता, इंजिन कोणाचं? उत्तर होतं रेनॉचं, २ लिटरचं टर्बो, २५० हॉर्सपॉवर. बॉडी आपली, हृदय उसनं. लोकांचा अर्धा उत्साह तिथंच उतरला.

मग मार्च २०१७. जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये टाटा मोटर्सनं रेसमो दाखवली. दोन सीटची, इंजिन मधोमध बसवलेली छोटीशी स्पोर्ट्स कार. इंजिन १.२ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, १९० हॉर्सपॉवर. शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा कंपनीचा दावा. आणि हे इंजिन कुठलं? टाटांच्याच रेवोट्रॉन घराण्यातलं. त्याच वर्षी आलेल्या नेक्सॉनमध्ये त्याच घराण्यातलं, तेवढ्याच आकाराचं इंजिन ११० हॉर्सपॉवर देत होतं. म्हणजे आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाडीचं भावंड जिनिव्हाच्या स्टेजवर उभं होतं! मी तेव्हा शाळेत होते. दादानं पेपरातला फोटो कापून वहीत चिकटवला होता.

रेसमो रस्त्यावर आलीच नाही. २०१८ मध्ये टाटांनी कोइमतूरच्या जेयम कंपनीबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ हॉर्सपॉवरची, सामान्य माणसाच्या आवाक्यातली चपळ गाडी. शौकिनांनी भरभरून कौतुक केलं. बीएस-६च्या वेळी तीही बंद झाली. कौतुक करणारे आपण सगळे, घेणारे किती होते? आपल्याकडे पैसे नव्हते हे खरं, पण ज्यांच्याकडे होते त्यांनीही मायलेजच विचारलं.

तरी चित्र पूर्ण काळं नाही. केटीएम ३९० ड्यूक बघा. कॉलेजच्या पार्किंगमध्ये जिच्याभोवती गर्दी होते ती. २०१३ मध्ये ती ३७३ सीसीच्या इंजिनासह आली, २०२३ मध्ये ३९९ सीसीचं नवं इंजिन आलं. डोळा ऑस्ट्रियाचा, पण बांधणारे हात चाकणच्या बजाज कारखान्यातले, आणि तिथून ती परदेशात जाते. त्या हातांत विदर्भातून गेलेले हातही असतीलच. युरोपातला एखादा पोरगा त्या बाइकचा आवाज स्पीकरवर लावून मित्रांशी भांडत असेल, आणि ते इंजिन जोडणाऱ्यांपैकी एखादा तुमच्या गावचा असेल. मला हा वाटा आवाजापेक्षा मोठा वाटतो.

दादाची चिठ्ठी

आता खरं सांगते, त्या दिवशी शेडमध्ये दादा एवढा का चिडला होता.

त्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. लहानपणापासून इंजिनाचं वेड. शेतातल्या जुन्या डिझेल पंपाचं हेड त्यानं दहावीत असताना खोललं होतं, आणि आत्याचा मारही खाल्ला होता. त्याच आठवड्यात त्याला चाकणकडच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून बोलावणं आलं होतं. पण विभाग होता इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरीचा. "मले इंजिनात टाकाले पायजे होतं," एवढंच तो म्हणत होता. वर घरी आत्याचं चालू, "कायले जातं तिकडे? नर्सरी हाये ना आपली." त्या चार सिलिंडरच्या गाडीवर तो राग काढत होता, पण आत भीती होती की आपण ज्यावर जीव लावला तेच आता निकामी ठरतंय. ती भीती आज मेकॅनिकलच्या कितीतरी पोरा-पोरींना आहे. त्यांना कोणी सांगतं, इंजिन संपलं. कोणी सांगतं, इलेक्ट्रिकचं फॅड आहे. दोन्ही बाजूंनी सांगणाऱ्यांनी आयुष्यात पाना धरलेला नसतो.

बाबांनी मात्र त्याला एक गोष्ट सांगितली. डोळा बांधताना सगळ्यात अवघड काय असतं? जंबेरी ओळखणं नाही, संत्रा ओळखणंही नाही. दोघांची साल एकमेकांना कुठं चिकटेल, ते ओळखणं. "ज्याले दोन्ही समजते, त्याचं कलम जगते."

मला वाटतं, सी-६३वरच्या सगळ्या गदारोळातून आपण घ्यायची गोष्ट हीच आहे. त्या गाडीच्या सगळ्यात भारी भागात, त्या चार सेंटिमीटरच्या टर्बोमध्ये, इंजिन आणि मोटर एकाच दांड्यावर बसले आहेत. तो दांडा ज्यानं बनवला त्याला धूरही कळत होता आणि वीजही. जे फक्त व्ही-८साठी रडतात त्यांना तो बनवता येणार नाही. जे फक्त ६८०चा आकडा नाचवतात त्यांना तर नाहीच.

म्हणून आवाजावर भांडा, जरूर भांडा. आवडीवर भांडायला गाडी विकत घ्यावी लागत नाही. पण महिन्यातून एक संध्याकाळ भांडणाऐवजी गॅरेजमध्ये घालवा. कॉलेजच्या लॅबमध्ये धूळ खात पडलेलं कट-सेक्शन इंजिन हातानं फिरवून बघा. ई-रिक्षाची मोटर दुरुस्त करणाऱ्या दादाला दोन प्रश्न विचारा. मुलींनो, तुम्हीही. "तुला गं काय करायचंय इंजिन?" हे मी हजारदा ऐकलंय, तुम्हीही ऐकाल आणि तरी बॉनेट उघडाल.

दादा जानेवारीत गेला. मागच्या रविवारी त्याचा व्हॉइस मेसेज आला. काही बोललाच नाही, नुसता वीस सेकंदांचा आवाज. आधी बारीक, मग चढत चढत शिट्टीसारखा, मग एकदम शांत. खाली लिहिलं होतं, "टेस्ट बेंचवरची मोटर. मी स्वतः बसवली. मामाले ऐकव."

मी बाबांना ऐकवला. त्यांनी मोबाइल कानाला लावून दोनदा ऐकला.

"मिक्सरवानीच वाजते," म्हणाले. "पन आपल्या पोट्ट्यानं बसवला ना."